बंड्या मामाच्या गावाला जातो

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरचे एक चित्र तुमच्या आजोबांच्या चांगल्या ओळखीचे असेल. मोठ्या कर्ण्यासमोर एक पांढरा, काळ्या कानांचा कुत्रा मान तिरपी करून ऐकत बसला आहे. हा कुत्रा खरोखर होऊन गेला. त्याचे नाव निपर. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १८८४ साली तो जन्मला. घरी येणाऱ्यांच्या पायांना हळूच चावे घेण्याची त्याला खोड होती. इंग्रजीत ‘निप’ म्हणजे चिमटीसारखा चावा, म्हणून तो निपर! तो होता टेरिअर वळणाचा. चित्रात तो कितीही शहाण्यासारखा बसलेला दिसो. ज्यांच्या घरी टेरिअर आहे त्यांना विचारा. इतका वेळ गप्प बसणारा टेरिअर बहुधा चित्रातच सापडायचा.

समजा, तुमच्याच घरी असा एक टेरिअर आहे. नाव बंड्या. जात जॅक रसेल टेरिअर, वजन सहा-सात किलो, उंची तुमच्या गुडघ्याच्या खाली. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या हे त्याचे राज्य. चपला पळवणे, उशी दातांत धरून गदागदा हलवणे, कुंडीतली माती उकरणे आणि जिन्यात पाऊल वाजले की घर डोक्यावर घेणे हा त्याचा नित्यक्रम. शेजारच्या काकू म्हणतात, “फार द्वाड आहे हो तुमचा कुत्रा!”

डिसेंबर महिना आहे. शनिवार-रविवारी भोर तालुक्यातल्या मामाच्या गावी जायचे ठरते आणि बंड्यालाही बरोबर न्यायचा बेत होतो. मोकळे रान, मोकळी हवा. बिचारा मनसोक्त धावेल!

बेत उत्तम आहे. पण निघण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करू या. बंड्या द्वाड आहे म्हणजे नेमके काय आहे? घरात जी नुसती खोड वाटते, तीच रानात त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि त्याच्याच नव्हे, इतरांच्याही.

मातीत शिरणारा कुत्रा

‘टेरिअर’ या शब्दाच्या मुळाशी ‘टेरा’ हा लॅटिन शब्द आहे. टेरा म्हणजे माती, जमीन. आपण गच्चीला ‘टेरेस’ म्हणतो, तोही याच कुळातला शब्द. टेरिअर म्हणजे जमिनीत शिरणारा कुत्रा.

ब्रिटनमधील शेतकऱ्यांना दोन प्राण्यांचा फार उपद्रव असे. धान्य खाणारे उंदीर आणि कोंबड्या पळवणारा कोल्हा. मोठे शिकारी कुत्रे कोल्ह्याला पळवून दमवत, पण तो बिळात शिरला की त्यांचे काही चालत नसे. तेव्हा बिळात जाईल एवढा लहान आणि आत कोल्ह्याशी गाठ पडली तरी माघार घेणार नाही एवढा धीट कुत्रा हवा होता.

डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचे एक धर्मोपदेशक होते (१७९५–१८८३). त्यांना शिकारीचा भारी नाद. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ साली एका गवळ्याकडून त्यांनी ‘ट्रंप’ नावाची एक पांढरी कुत्री विकत घेतली, असे सांगतात. तिच्यापासून पुढे जी जात वाढली, तिलाच रसेल यांचे नाव मिळाले. या जातीचा कुत्रा निवडताना जाणकार त्याची छाती खांद्यांच्या मागे दोन्ही हातांच्या वेढ्यात मावते की नाही हे पाहतात. मावली नाही, तर तो बिळात अडकायचा! पांढरा रंगही उगाच नाही. बिळातून धुळीने माखून बाहेर आलेला प्राणी कोल्हा की आपला कुत्रा, हे शिकाऱ्याला चटकन कळावे म्हणून तो पसंत केला गेला.

पण रसेल आणि त्यांच्यासारख्या लोकांनी केवळ आकार आणि रंग निवडला नाही. त्यांनी स्वभावही निवडला. बिळाच्या तोंडाशी जो कुत्रा थबकला, त्याची पिल्ले वाढवली गेली नाहीत. जो बेधडक आत घुसला, त्याची वाढवली गेली. पिढ्यानपिढ्या हेच चालले. यालाच कृत्रिम निवड म्हणतात. डार्विनने १८५९ साली आपला उत्क्रांतीवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिल्याच प्रकरणात त्याने माणसाने पाळलेल्या प्राण्यांच्या अशाच निवडीचा विचार केला आहे.

तुटलेली साखळी

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या हालचाली एका ठरावीक क्रमाने घडतात. आधी शोध, मग टक लावून दबा धरणे, मग पाठलाग, झडप, पकड, ठार मारणे आणि शेवटी खाणे. ही एक साखळीच आहे म्हणा ना.

माणसाने कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती तयार करताना या साखळीतल्या काही कड्या बळकट केल्या आणि काही ढिल्या केल्या. मेंढरे वळणारा बॉर्डर कोली दबा धरतो आणि पाठलाग करतो, पण चावत नाही. पॉइंटर शिकारीचा माग लागताच पुतळ्यासारखा उभा राहतो. रिट्रीव्हर पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून मालकाकडे आणतो. टेरिअरमध्ये झडप, पकड आणि मारणे या कड्या बळकट आहेत. उंदीर पकडला की तो त्याला जोराने दोन्ही बाजूंना झटकतो. त्या झटक्याने उंदराची मान मोडते.

आता बंड्याची उशी आठवा. तो उशी गदागदा हलवतो, तेव्हा तो तुम्हाला छळत नसतो. उंदीर मारत असतो. कुंडीतली माती उकरतो, तेव्हा बीळ रुंद करत असतो. जिन्यातल्या पावलावर भुंकतो ते भुंकणेही त्याच्या कामाचेच. जमिनीखाली कुत्रा कुठे आहे, हे वर उभ्या असलेल्या माणसाला त्या भुंकण्यावरूनच कळत असे.

म्हणजे बंड्या द्वाड नाही. तो कामकरी आहे. मात्र तिसऱ्या मजल्यावर त्याला काम नाही!

नाक गावात पोचते

शनिवारी सकाळी तुम्ही गावात पोचता. मोटारीचे दार उघडताच बंड्या खाली उडी मारतो आणि त्याचे नाक जमिनीला चिकटते ते सुटतच नाही. तुम्हाला समोर कापणी झालेली भातखाचरे, गवताच्या गंज्या आणि मागचा डोंगर दिसतो. बंड्याला काय दिसते? ‘दिसते’ हा शब्दच येथे अपुरा आहे.

आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या साधारण २० ते ३० कोटी असतात. शिवाय त्याच्या नाकाची रचनाही निराळी आहे. आत घेतलेल्या हवेचे दोन भाग होतात. मोठा भाग फुप्फुसाकडे जातो आणि सुमारे आठवा हिस्सा केवळ वास घेण्याच्या कप्प्यात शिरतो. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. हुंगताना कुत्रा एका सेकंदात पाचेक वेळा असा श्वास घेतो. बांधावरून पहाटे ससा गेला, काल संध्याकाळी मुंगूस गेले, मामांचा मोती तासाभरापूर्वी येथे थांबला होता, या सगळ्या बातम्या त्याला मातीवर वाचता येतात.

कानांचेही तसेच. आपल्याला दर सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. उंदीर एकमेकांशी ज्या अतिशय बारीक आवाजात बोलतात, तो आपल्या कानांच्या पलीकडचा आहे. बंड्याच्या नाही.

बीळ तेच, पण बिऱ्हाडकरू निराळा

आता खरा प्रसंग. खाचराच्या बांधावर एक बीळ आहे आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. हे काम भाताच्या शेतात राहणाऱ्या उंदराचे. हा उंदीर कापणीच्या दिवसांत लोंब्या कुरतडून बिळात धान्याचा साठा करतो. बंड्याचे अंग ताठ होते, शेपटी थरथरते आणि दुसऱ्याच क्षणी त्याचे डोके बिळात! तुम्ही हाका मारता. तो ऐकत नाही.

मामा धावत येतात आणि त्याला मागच्या पायांना धरून बाहेर ओढतात. “अरे, दोर लाव त्याला आधी! बांधात जनावर असतं.” तुम्ही नीट पाहता. बिळापासून हातभर अंतरावर, गवतात, कागदासारखी पातळ, खवल्यांची नक्षी असलेली कात पडलेली असते.

गावाकडे ‘जनावर’ म्हणजे साप, हे तुम्हाला ठाऊक असेलच. साप स्वतः सहसा बीळ खणत नाही. त्याला उंदरांची बिळे आयती मिळतात. घरही आणि जेवणही. नागाला आणि घोणसाला अशी जागा फार आवडते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्या, कारण या लेखाचा सारा मुद्दा तिच्यात आहे. बंड्याच्या पूर्वजांची निवड ब्रिटनमध्ये झाली. ग्रेट ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर नावाचा. आणि त्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच येतो. तेथील बिळात डोके घालणाऱ्या कुत्र्याला फार तर उंदराचा किंवा कोल्ह्याचा चावा बसायचा. धिटाईची किंमत थोडी आणि बक्षीस मोठे, असा तो व्यवहार होता. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे असे चार जहाल विषारी साप शेतात-रानात आढळतात. बीळ तेच, कुत्रा तोच, धिटाईही तीच. पण व्यवहार पार उलटा झाला आहे. बंड्याच्या रक्तात नागाची भीती मुरायला वेळच मिळालेला नाही.

मामांच्या मोतीकडे पाहा. तो बिळापाशी जातो, हुंगतो आणि दोन पावले मागे सरून भुंकतो. मोती भित्रा आहे काय? मुळीच नाही. त्याच्या पूर्वजांची निवड कोणा शिकाऱ्याने केली नाही. ती येथल्या परिस्थितीने केली. दिसेल त्या बिळात तोंड घालणाऱ्या गावठी कुत्र्यांची पिल्ले मागे फारशी राहिली नसतील. ही नैसर्गिक निवड. त्यात मोतीचा स्वतःचा अनुभवही जमेस धरा. कृत्रिम आणि नैसर्गिक निवडीचे दोन नमुने एकाच बांधावर शेजारी उभे आहेत!

कुत्र्याला साप बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर चावतो. तसे झालेच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून आवळू नये. कुत्र्याला चालवूही नये, कारण हालचालीने विष लवकर पसरते. त्याला उचलून, शक्य तितके स्थिर ठेवून, ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष असते आणि ते जनावरांनाही देता येते. साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. म्हणून गावी पोचण्यापूर्वीच जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, हे मामांना विचारून ठेवावे.

रानाचीही एक बाजू आहे

आतापर्यंत आपण बंड्याची काळजी केली. आता उलटा विचार करू. बंड्यापासून कोणाला धोका आहे?

मामांच्या शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना तर आहेच. फडफडणारी कोंबडी आणि उशी यांत बंड्या फरक करणार नाही, आणि कोंबडी म्हणजे कोणाच्या तरी घरातले पैसे असतात. त्याशिवाय टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच खड्यांच्या मधोमध अंडी घालतात. ससा दिवसा झुडपाखाली दबून बसतो. घोरपड बिळात किंवा कपारीत राहते. या घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. कुत्रा अंगावर सोडून वन्य प्राण्याची शिकार करणे हा गुन्हा आहे, मग तो ‘गंमत म्हणून’ केलेला असो.

डोळ्यांना न दिसणारा धोका त्याहून मोठा. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग होतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलात या विषाणूची साथ आली आणि तेथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. त्या साथीशी आसपासच्या वस्त्यांतील कुत्र्यांचा संबंध जोडला गेला. आपल्याकडे २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतील काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला. कोल्हे आणि खोकडही या रोगाला बळी पडतात. म्हणून डिस्टेंपर आणि रेबीज यांच्या लशी टोचलेला कुत्राच रानात न्यावा. लस आदल्या दिवशी टोचून भागत नाही. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही आठवडे लागतात.

ऊन, गोचीड आणि रात्र

माणसाला घाम येतो. घामाच्या एका ग्रॅमची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पायांच्या तळव्यांना येतो. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि जीभ व घसा यांवरील पाण्याची वाफ करून अंग थंड ठेवतो. हवा दमट असली की वाफ सावकाश होते, म्हणून कोकणात कुत्रे लवकर दमतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले तर जीव धोक्यात येतो. टेरिअर दमला तरी थांबत नाही, म्हणून त्याला आपणच थांबवावे. सावली आणि पाणी वरचेवर द्यावे. बंद मोटारीत तर कुत्र्याला कधीच ठेवू नये. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील हवा पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी तापते.

गवतातून परतल्यावर त्याचे कान, काखा आणि बोटांमधल्या बेचक्या तपासा. तेथे गोचीड चिकटलेली सापडेल. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढून काढा. तिच्यावर रॉकेल ओतू नका. काही गोचिडींतून रक्तपेशी नासवणाऱ्या रोगांचे सूक्ष्म जीव कुत्र्याच्या शरीरात शिरतात, म्हणून हे काम त्याच दिवशी झाले पाहिजे.

आणि रात्री? बंड्या घरात, दार बंद. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचे भक्ष्य कोणते ते शोधले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला! सह्याद्रीच्या पायथ्याची गावे बिबट्याला परकी नाहीत. ओसरीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही.

दोर म्हणजे शिक्षा नव्हे

“मग त्याला नेऊच नये का?” असे तुम्ही विचाराल. जरूर न्यावे. मात्र त्याच्या साखळीतल्या ज्या कड्या निरुपद्रवी आहेत, त्यांना भरपूर काम द्यावे. आठ-दहा मीटर लांबीचा दोर आणि गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा घ्या. एवढ्या दोरावर त्याला हुंगायला, धावायला, वळायला मोकळीक मिळते आणि बिळापाशी तुम्ही त्याला रोखू शकता. अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग करून त्यात त्याचा चेंडू पुरून ठेवा. मग उकर म्हणावे हवे तितके!

बोलावल्यावर येण्याची सवय घरीच लावा. आला की लगेच खाऊ आणि शाबासकी. उशिरा आला म्हणून मारू नका. कुत्रा शिक्षेचा संबंध आपल्या शेवटच्या कृतीशी जोडतो, आणि त्याची शेवटची कृती तुमच्याकडे येणे ही असते.

करून पाहा

सुकटीचे एक छोटे गाठोडे घ्या. बंड्याला घरात ठेवून ते अंगणात काटकोनी वाटेने ओढत न्या आणि शेवटी टोपलीखाली झाका. मग दुसरे, कोरड्या फडक्याचे गाठोडे निराळ्या वाटेने ओढून दुसऱ्या टोपलीखाली ठेवा. दोन्ही कामे एकाच मुलाने करावी. आता बंड्याला दोरासह आणा. तो कोणत्या टोपलीकडे जातो? काटकोनी वाटेने जातो की सरळ आडवा? वारा नसताना पाचदा आणि टोपलीकडून वारा वाहत असताना पाचदा प्रयोग करा. टोपल्यांच्या जागा दर वेळी बदला आणि नोंदी ठेवा. जमिनीवरचा वास आणि हवेतला वास यांतील फरक तुमच्याच आकड्यांतून निघेल.

कोरडे फडके कशासाठी? बंड्या सुकटीच्या मागे जातो की ते ओढणाऱ्या मुलाच्या वासामागे, हे त्याशिवाय कळणार नाही. शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात आधी विचारून पाहावा. तुलनेचा प्रयोग का करावा लागतो, हे मुले आपणहून सांगतील.

रविवारी संध्याकाळी परतताना बंड्या तुमच्या मांडीवर गाढ झोपलेला असेल. मधूनच त्याचे पंजे हलतील, ओठ थरथरतील. कुत्र्यांनाही आपल्यासारखीच स्वप्नांची झोप असते. घरी पोचल्यावर काकूंनी पुन्हा “द्वाड” म्हटले, तर त्यांना काय सांगायचे ते आता तुम्हाला माहीत आहे.